निकॉन डी७० आज घ्यावा का? ज्यांनी वापरला आहे त्यांची मते हवी आहेत

माळरान :

नमस्कार. नात्यातल्या एका गृहस्थांकडे निकॉन डी७० हा जुना डिजिटल एसएलआर कॅमेरा त्याच्या मूळच्या १८-७० मिमी लेन्ससह जपून ठेवलेला आहे आणि तो ते मला नाममात्र किमतीत देऊ करत आहेत. मी आजवर फोनवरच फोटो काढत आलो आहे. परंतु शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ (प्रकाश आत येण्याचा वेळ, एफच्या आकड्याने सांगितला जाणारा लेन्सच्या छिद्राचा आकार आणि सेन्सरची संवेदनशीलता) यांचा परस्परसंबंध नीट समजून, स्वतः ठरवून फोटो काढायला शिकावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. वाई आणि मेणवली परिसरातले घाट, जुने वाडे, दगडी देवळे आणि घरातली माणसे हे माझे मुख्य विषय असतील.

माझ्या मनात काही शंका आहेत. सहा मेगापिक्सेल आजच्या काळात पुरतात का, विशेषतः भिंतीवर लावण्याजोगी मोठी प्रत काढायची असेल तर? जुन्या सीसीडी जातीच्या सेन्सरचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाचे, रंग आजच्या कॅमेऱ्यांपेक्षा निराळे आणि अधिक सुंदर असतात असे अलीकडे वारंवार वाचनात येते. त्यात तथ्य किती? याशिवाय वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या दोन निकॉन लेन्स माझ्याकडे आहेत: एक ५० मिमी एफ/१.८ ऑटोफोकस डी आणि दुसरी १०५ मिमी एफ/२.५ ही हाताने फोकस करायची, निकॉनच्या जुन्या ‘एआय’ पद्धतीची लेन्स. त्या या बॉडीवर चालतील का? ज्यांनी हा कॅमेरा दीर्घकाळ वापरला आहे त्यांनी गुणदोष सविस्तर सांगावेत, ही विनंती.

तिरीप :

नमस्कार माळरान. डी७० बाजारात नवा होता तेव्हापासून माझ्याकडे आहे आणि आजही अधूनमधून मी तो आवडीने वापरतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

निकॉनने जानेवारी २००४ मध्ये हा कॅमेरा जाहीर केला तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत ९९९ डॉलर ठेवली होती. त्याच कंपनीचा सहा मेगापिक्सेलचा डी१०० हा २००२ मध्ये सुमारे दोन हजार डॉलरला आला होता, हे लक्षात घेतले म्हणजे दोन वर्षांत किती फरक पडला ते कळते. अर्थात हजार डॉलरची मर्यादा आधी ओलांडली ती कॅननने, ऑगस्ट २००३ मध्ये ईओएस ३००डी आणून. परंतु ती किंमत गाठताना कॅननने हाताशी असाव्यात अशा अनेक सोयी त्या कॅमेऱ्यातून काढून टाकल्या होत्या. निकॉनने तसे फारसे केले नाही, आणि डी७० ची खरी थोरवी मला यातच दिसते.

या कॅमेऱ्याला दोन चक्रे आहेत, एक अंगठ्याखाली आणि एक तर्जनीखाली. मॅन्युअल पद्धतीत एका चक्राने शटर आणि दुसऱ्याने अ‍ॅपर्चर बदलते. आयएसओ, व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणे) आणि चित्राची प्रत यांची बटणे मागच्या पडद्याच्या डावीकडे स्वतंत्र आहेत, प्रकाशमापनाचे आणि एक्स्पोजर कमीअधिक करण्याचे बटण शटरजवळ आहे, आणि यातले जवळजवळ सारे काही वरच्या छोट्या काळ्यापांढऱ्या पटलावर कायम दिसत असते. मेनूमध्ये न शिरता दिवसभर काम करता येते. अ‍ॅपर्चर प्रत्यक्ष बंद करून चित्रातला किती भाग फोकसमध्ये राहील हे आधीच पाहण्याचे बटणही त्यावर आहे, जे पुढे आलेल्या कित्येक स्वस्त मॉडेलांतून गायब झाले. आपण शिकण्यासाठी कॅमेरा घेत असाल तर या गोष्टींचे मोल मेगापिक्सेलपेक्षा पुष्कळ जास्त आहे, असे मी खात्रीने सांगेन.

दुसरी गोष्ट तत्परतेची. शटरभोवतीची कडी फिरवताच कॅमेरा सज्ज होतो. त्या काळच्या ३००डी ला सुरू होण्यासाठी दोन-अडीच सेकंद लागत असत. सेकंदाला तीन चित्रे हा वेग आज किरकोळ वाटेल, आणि रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवली तर, सलग चारच चित्रे मावतात हे खरे. परंतु घाट आणि वाडे यांना त्याहून अधिक कशाला हवे?

१८-७० मिमी ही लेन्स या कॅमेऱ्यासोबतच आली आणि जोडीला मिळणाऱ्या लेन्समध्ये ती पुष्कळच वरच्या दर्जाची आहे. फोकस शांत व जलद आहे आणि फिल्मच्या हिशेबाने ती साधारण २७ ते १०५ मिमी एवढा आवाका देते. दोष सांगायचा तर १८ मिमीवर सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगतात. वाड्याचे खांब आणि चौकटी टिपताना ते चटकन जाणवेल, तेव्हा थोडे मागे सरकून २४ मिमीच्या पुढे काम करावे किंवा नंतर संगणकावर दुरुस्ती करावी. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, हव्या तेव्हा जाळीच्या रेषा आणता येतात. ही सोय आपल्या विषयांसाठी फार उपयोगी आहे. मी ती कायम चालूच ठेवतो.

उणिवाही स्पष्ट सांगतो. मागचा पडदा केवळ १.८ इंचांचा आणि सुमारे १,३०,००० ठिपक्यांचा आहे. त्यावर फोकस अचूक आहे की नाही हे ठरवता येत नाही, म्हणून पडद्याकडे रचना आणि हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-काळोखाचा आलेख) पाहण्यापुरतेच लक्ष द्यावे. व्ह्यूफाइंडर लहान आहे आणि त्यात चित्राचा ९५ टक्के भागच दिसतो. सर्वांत कमी आयएसओ २०० आहे आणि सर्वांत जास्त १६००. आठशेपर्यंत मी निर्धास्त असतो. त्यापुढे सावल्यांत दाणे दिसू लागतात आणि रंग फिके पडतात.

अंधारखोली :

सीसीडीच्या रंगांविषयी आपण विचारले आहे. या विषयावर हल्ली बरेच भाबडेपणाने लिहिले जाते, म्हणून त्याबद्दल थोडे.

सेन्सर सीसीडी असो वा आजच्या कॅमेऱ्यांतला सीमॉस, त्याचा सिलिकॉनचा प्रत्येक बिंदू आपल्यावर पडलेला प्रकाश मोजतो, एवढेच त्याचे काम. त्या बिंदूला स्वतःला रंग कळत नाही. रंग ठरतो तो बिंदूंवर बसवलेल्या लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांवरून, सेन्सरपुढच्या, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण रोखणाऱ्या काचेवरून, आणि त्याहीपेक्षा अधिक, कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर त्या आकड्यांचे चित्र कसे बनवते यावरून. निकॉनचे डी७०, डी५० आणि डी४० हे तिन्ही कॅमेरे ६.१ मेगापिक्सेलच्या सीसीडीचेच आहेत, तरीही त्यांच्यातून थेट निघणाऱ्या जेपेगचा, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार केलेल्या चित्राचा, रंग आणि उठाव सारखा नाही. डी७० मध्ये तर संगणकावर तयार केलेला टोन कर्व्ह (उजेड-सावलीचा उठाव ठरवणारी रेषा) भरून जेपेगचे रूपच बदलता येत असे. तेव्हा ‘सीसीडीचा रंग’ म्हणून ज्याचे कौतुक होते तो पुष्कळसा त्या काळच्या अभियंत्यांच्या आवडीनिवडीचा रंग आहे. तो मला स्वतःला आवडतो, विशेषतः उन्हातली त्वचा आणि लाल माती. पण तो सेन्सरच्या जातीमुळे येतो असे मी म्हणणार नाही.

याउलट सीसीडीमुळे प्रत्यक्ष लाभणारी एक गोष्ट या कॅमेऱ्यात आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. ती म्हणजे फ्लॅशसोबत १/५०० सेकंदाचा शटरवेग. सर्वसाधारण एसएलआरमध्ये शटरचे दोन पडदे असतात, आणि वेग एका मर्यादेपुढे गेला की पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघतो. सेन्सरवर तेव्हा केवळ एक सरकती फट उघडी असते, त्यामुळे क्षणभर चमकणाऱ्या फ्लॅशचा उजेड चित्राच्या एका पट्ट्यावरच पडतो. डी७० मध्ये जास्त वेगांना पडदे पूर्ण उघडेच राहतात आणि सेन्सर स्वतःच विजेच्या साहाय्याने चालू-बंद होतो, म्हणून सारे चित्र एकदम उजळते. ३००डी ची हीच मर्यादा १/२०० सेकंद होती.

याचा व्यवहारात अर्थ काय, तो हिशेबानेच सांगतो. भर दुपारी आयएसओ २०० वर साधारण १/५०० आणि एफ/११ असे एक्स्पोजर येते. अंगच्या फ्लॅशचा गाइड नंबर (त्याची शक्ती सांगणारा आकडा) आयएसओ २०० ला मीटरमध्ये सुमारे १५ आहे. त्याला ११ ने भागले की पल्ला सव्वा मीटरहून थोडा जास्त निघतो. १/२०० वर अडकलेल्या कॅमेऱ्यात त्याच आयएसओला एफ/१६ च्याही पुढे जावे लागेल आणि तेवढ्याच शक्तीच्या फ्लॅशचा पल्ला एका मीटरच्या आत येईल. जत्रेत किंवा घाटावर फेटा बांधलेल्या माणसाच्या डोळ्यांखालची काळी सावली भरून काढायची असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय एसबी-६०० किंवा एसबी-८०० असे फ्लॅश बॉडीपासून दूर ठेवून ते अंगच्या फ्लॅशने तारेविना चालवताही येतात.

याची दुसरी बाजू अशी की सूर्य किंवा त्याचे लखलखीत प्रतिबिंब चौकटीत असेल आणि शटर फार वेगात असेल तर त्या ठिकाणचा उजेड आजूबाजूच्या बिंदूंत सांडतो आणि चित्रात रेघ किंवा डाग उमटतो. नदीच्या पाण्यावर चमकणाऱ्या उन्हात हे दिसू शकते. वेग कमी करून अ‍ॅपर्चर लहान केले की ते टळते. तसेच बारीक तपशील मुद्दाम किंचित पुसट करणारी काच या कॅमेऱ्यात सौम्य आहे. त्यामुळे चित्र धारदार येते खरे, पण इरकल साडीसारख्या बारीक चौकडीच्या कापडावर कधीकधी खोट्या रंगांच्या लाटा दिसतात. अवरक्त किरण रोखणारी काचही तशीच सौम्य असल्याने होया आर७२ ही अवरक्त किरण आत सोडणारी गाळणी आणि तिवई घेऊन या कॅमेऱ्यावर अवरक्त छायाचित्रण उत्तम करता येते. पावसाळ्यानंतरची झाडी त्यात बर्फासारखी पांढरी उमटते. ज्यांना त्याची आवड आहे त्यांनी केवळ यासाठीसुद्धा डी७० जवळ ठेवावा.

पाणवठा :

वरील दोन्ही प्रतिसाद मला पटले, तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. जो माणूस आज शिकायला सुरुवात करणार आहे त्याला तातडीची पडताळणी हवी असते. फोटो काढावा, मोठा करून पाहावा, चूक उमगावी आणि तिथेच उभे राहून पुन्हा काढावा, अशी शिकण्याची रीत असते. १.८ इंचांच्या पडद्यावर हे होत नाही. घरी येऊन संगणकावर पाहिल्यावर फोकस हुकल्याचे कळते तेव्हा आपण मेणवलीच्या घाटावर नसता.

निकॉनचा डी९० हा २००८ चा कॅमेरा आज जुन्या बाजारात सहज मिळतो. त्याचा पडदा तीन इंचांचा आणि सुमारे ९,२०,००० ठिपक्यांचा आहे, सेन्सर १२.३ मेगापिक्सेलचा आहे, पडद्यावर पाहून फोकस करता येतो, तो साधी एसडी कार्डे घेतो, दोन चक्रे त्यालाही आहेत, आणि आपल्या ऑटोफोकस डी लेन्सला लागणारी मोटर त्याच्याही बॉडीत आहे. अंधाऱ्या गाभाऱ्यात तो डी७० पेक्षा निश्चितच सरस ठरतो. थोडे अधिक पैसे घालण्याची तयारी असेल तर मी तोच सुचवेन. मात्र डी७० खरोखरच नाममात्र किमतीत मिळत असेल आणि आपण घरी परतल्यावर संगणकावर बसून चित्रे चिकित्सेने पाहणार असाल, तर माझी हरकत नाही.

कवडसा :

मोठ्या प्रतीबाबत सांगतो. डी७० चे चित्र ३००८ × २००० बिंदूंचे असते. इंचाला ३०० बिंदू धरले तर १० × ६.७ इंचांची प्रत निघते, आणि तेवढी प्रत हातात घेऊन पाहिली तरी निर्दोष असते. १२ × १८ इंचांच्या प्रतीत इंचाला सुमारे १६७ बिंदू पडतात. भिंतीवर, चार पावले मागे उभे राहून पाहिले तर तेही समाधानकारक दिसते, मात्र फोकस अचूक हवा आणि नंतर कातरणे नको. खरी अडचण इथेच आहे. फोनवर फोटो काढणाऱ्यांना आधी काढून नंतर कापायची सवय असते, आणि सहा मेगापिक्सेलमध्ये तेवढी मोकळीक नाही. चौकट व्ह्यूफाइंडरमध्येच पक्की करावी लागते.

कॅमेरा घेण्यापूर्वी काही गोष्टी जरूर तपासून पाहा. कार्डाच्या खाचेत विजेरीचा उजेड पाडून आतल्या सुया सरळ आहेत का ते पाहा, कारण कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड तिरके घातले गेले की त्या वाकतात. कार्ड आणि बॅटरी घालून कॅमेरा चालू केल्यावर कार्डाचा हिरवा दिवा सतत लुकलुकत राहिला आणि शटर चालेनासे झाले तर तो कॅमेरा सोडून द्यावा. काही डी७० मध्ये उद्भवणारा हा ज्ञात दोष असून निकॉनने त्या काळी अशा कॅमेऱ्यांची दुरुस्ती विनामूल्य करून देण्याची घोषणा केली होती. एफ/२२ वर निरभ्र आकाशाचा एक फोटो काढला की सेन्सरवरची धूळ दिसते. या कॅमेऱ्यात सेन्सर झटकण्याची सोय नाही, पण आरसा वर उचलून हवेच्या रबरी फुग्याने तो साफ करता येतो. शटर एकूण किती वेळा पडले आहे तो आकडा चित्राच्या फाइलमध्ये नोंदलेला असतो आणि त्यासाठीच्या सॉफ्टवेअरने तो वाचता येतो. मेनूमध्ये फर्मवेअरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या अंगभूत सॉफ्टवेअरची, आवृत्ती पाहा. ती २.०० नसेल तर तेवढी करून घ्यावी, कारण डी७०एस या २००५ च्या मॉडेलचा सुधारित ऑटोफोकस आणि मेनू त्या आवृत्तीतून जुन्या डी७० ला मिळाला.

मूळ बॅटरी ईएन-ईएल३ आहे आणि इतक्या वर्षांनी ती बहुधा निकामी झालेली असेल. नंतर आलेली ईएन-ईएल३ई ही बॅटरी डी७० मध्ये चालते, त्यामुळे नवी मिळण्याची अडचण नाही. कॅमेरा थेट तारेने संगणकाला जोडू नका, कारण त्याचा यूएसबी जुन्या, संथ वेगाचा आहे. कार्ड रीडर वापरावा. रॉ फाइल साधारण पाच-सहा एमबीची असल्यामुळे दोन जीबीचे कार्डही दिवसभर पुरते, तेव्हा महागड्या मोठ्या कार्डांच्या मागे लागू नये.

माळरान :

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढे नेमके मार्गदर्शन मिळेल असे वाटले नव्हते. पाणवठा यांचा मुद्दा मी गांभीर्याने घेतला आहे, तरीही घरी बसून चित्रे तपासण्याची माझी तयारी असल्यामुळे, तपासणीत काही वावगे आढळले नाही तर डी७० घ्यावा असे मनाशी ठरवत आहे. लेन्सचा प्रश्न मात्र राहिला. १०५ मिमी एआय लेन्सचे काय? आणि देवळाच्या अंधाऱ्या मंडपात, जिथे फ्लॅश वापरणे मला स्वतःलाच प्रशस्त वाटत नाही, तिथे या कॅमेऱ्याने कसे काम करावे?

तिरीप :

५० मिमी एफ/१.८ डी लेन्स सर्व सोयींसह चालेल, कारण तिचा फोकस फिरवणारी मोटर डी७० च्या बॉडीत आहे. डी४० मध्ये ही लेन्स हातानेच फोकस करावी लागते. सेन्सर लहान असल्याने ती येथे ७५ मिमीसारखी वागते. घरातल्या माणसांचे चेहरे खिडकीच्या उजेडात टिपायला आपल्याला याहून चांगले साधन सापडणार नाही.

१०५ मिमी एआय लेन्स बॉडीवर बसते, परंतु तिच्यात चिप नसल्यामुळे प्रकाशमापक काम करत नाही आणि केवळ मॅन्युअल पद्धतच चालते. अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या कडीने ठरवावे आणि शटरवेग अंदाजाने लावून हिस्टोग्राम पाहत सुधारत जावे. सुरुवातीसाठी एक आधार असा, की स्वच्छ उन्हात आयएसओ २०० वर एफ/१६ ला १/२५० सेकंद लावावा, आणि मोकळ्या सावलीत गेले की अ‍ॅपर्चर साधारण तीन टप्पे उघडून एफ/५.६ वर आणावे. फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका या लेन्ससोबतही स्थिर होतो, त्याचा उपयोग करून घ्या. या पद्धतीने काम केले की उजेड डोळ्यांनी मोजण्याची सवय लागते, म्हणून मी तर म्हणेन की सुरुवातीच्या काळात ही लेन्स आवर्जून वापरा. एक सावधगिरी मात्र बाळगा: एआय होण्यापूर्वीच्या, म्हणजे १९७७ च्या आधीच्या मूळ स्वरूपातल्या लेन्स या बॉडीवर मुळीच चढवू नयेत. कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेला भाग त्यांनी तुटू शकतो. आपली लेन्स एआयच आहे ना, हे अनुभवी माणसाला एकदा दाखवून घ्या.

मंडपाचे म्हणाल तर आयएसओ वाढवण्याऐवजी तिवई घ्यावी, अर्थात तिथे तिला परवानगी असेल तर. आयएसओ २००, एफ/८ आणि शटर जितका वेळ लागेल तितका. दगडावरचा मंद उजेड या सेन्सरवर अतिशय सुरेख उतरतो आणि कोरीव कामातल्या सावल्यांना हवा तेवढा वेळ देता येतो. बोटाचा धक्का लागू नये म्हणून एमएल-एल३ हा छोटा रिमोट घ्यावा. त्याचा इशारा टिपणारी खिडकी कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला असल्याने हात थोडा पुढे न्यावा लागतो. रिमोट नसेल तर स्वयंचलित टायमरही चालतो. दरवाजातून येणारे ऊन आणि आतला काळोख एकाच चौकटीत असतील तर रॉमध्ये काम करावे आणि दरवाजाबाहेरचा पांढरेपणा हिस्टोग्रामच्या उजव्या कडेला चिकटणार नाही इतके एक्स्पोजर कमी ठेवावे, कारण सावलीतला तपशील नंतर बराचसा वर काढता येतो, मात्र करपलेला उजेड परत आणता येत नाही.

काही सेकंदांच्या एक्स्पोजरला दाणे कमी करण्याची जी सोय मेनूमध्ये आहे ती चालू ठेवावी. तिच्यामुळे प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा पुढच्या कामाला मोकळा व्हायला जास्त वेळ घेतो, तेवढे थांबावे. एक्स्पोजर काही मिनिटांपर्यंत लांबवले तर या कॅमेऱ्यात चौकटीच्या एका बाजूला जांभळट झाक येते. मंडपात एवढी वेळ सहसा येत नाही. आलीच तर एफ/८ ऐवजी एफ/५.६ वर जाऊन वेळ निम्मा करावा.